इंटिग्रेशन प्लॅटफॉर्मसोबत आलेले मेसेजिंग सॉफ्टवेअर: परवाना कसा वाचावा, कसा मोजावा

एंटरप्राइझ इंटिग्रेशन प्लॅटफॉर्म, म्हणजे संस्थेतली वेगवेगळी ॲप्लिकेशन एकमेकांशी जोडणारा प्लॅटफॉर्म, विकत घेतला की त्याच्यासोबत बहुधा संदेशांची ने-आण करणारे आणखी एक सॉफ्टवेअर येते. आयबीएम इंटिग्रेशन बससोबत आणि तिच्या जागी २०१८ मध्ये आलेल्या ॲप कनेक्ट एंटरप्राइझसोबत आयबीएम एमक्यू येते, वेबमेथड्सच्या संचात युनिव्हर्सल मेसेजिंग असते, टॅलेंड ईएसबीमध्ये अपाची ॲक्टिव्हएमक्यू असते. हे सोबतचे सॉफ्टवेअर बाजारात स्वतंत्रपणेही मिळते. प्लॅटफॉर्मबरोबर आलेली एमक्यूची प्रत आणि वेगळी विकत घेतलेली प्रत यांत चालवताना काहीही फरक जाणवत नाही, ती बसवताना कुठे अडवत नाही आणि नवा क्यू मॅनेजर, म्हणजे संदेशांच्या रांगा (क्यू) सांभाळणारा एमक्यूचा घटक, तयार करताना परवान्याबद्दल विचारतही नाही. त्यामुळे ‘पॅकेजमध्ये आले आहे, म्हणजे आपलेच आहे’ हा समज टीममध्ये सहज रुजतो आणि वर्षानुवर्षे कोणी तो तपासून पाहत नाही.

सोबत आलेल्या सॉफ्टवेअरचा परवाना एका ठरावीक कामापुरता दिलेला असतो. ते काम म्हणजे मुख्य प्लॅटफॉर्मच्या वापराला साहाय्य करणे. त्या कामाच्या बाहेरचा एखादा संदेश जरी त्याच क्यू मॅनेजरमधून जाऊ लागला, तरी परवान्याचा प्रश्न उभा राहतो, मग सॉफ्टवेअर त्याच सर्व्हरवर असो की त्याच टीमच्या ताब्यात असो. हे कसे ओळखावे, कसे मोजावे आणि कसे दुरुस्त करावे याची पद्धत पुढे दिली आहे. तिचा मुख्य आधार आयबीएमचे नियम हा आहे, कारण ही मर्यादा तिथे बऱ्याच स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे. इतर विक्रेत्यांकडे शब्द बदलतात, पण तपासण्याची रीत फारशी बदलत नाही.

नेमका कागद शोधा

पहिले काम कागदपत्रांचे आहे आणि ते वाटते त्यापेक्षा जास्त वेळ घेते. आयबीएमच्या बाबतीत तीन कागद लागतात: मूळ परवाना करार, खरेदीचा पुरावा असलेले ‘प्रूफ ऑफ एंटायटलमेंट’ आणि त्या विशिष्ट उत्पादनाचे, विशिष्ट आवृत्तीचे ‘लायसन्स इन्फर्मेशन’ नावाचे पत्रक. करारात सर्वसाधारण अटी असतात आणि पुराव्यात संख्या असते. सोबतच्या सॉफ्टवेअरबद्दलचे खरे नियम मात्र लायसन्स इन्फर्मेशनमध्येच सापडतात.

हे पत्रक आवृत्तीगणिक बदलते. इंटिग्रेशन बसच्या नवव्या आवृत्तीचे पत्रक दहाव्या आवृत्तीला लागू होत नाही, आणि एकाच आवृत्तीच्या दोन एडिशनच्या अटीही सारख्या असतीलच असे नाही. आज प्रत्यक्षात कोणती आवृत्ती आणि कोणती एडिशन चालू आहे ते आधी सर्व्हरवर पाहावे आणि मग तिचेच पत्रक मिळवावे.

नावांमुळे इथे मोठा गोंधळ होतो. एमक्यू १९९३ मध्ये एमक्यूसिरीज या नावाने आले, २००२ मध्ये त्याचे वेबस्फीअर एमक्यू झाले आणि २०१४ मध्ये आठव्या आवृत्तीपासून आयबीएम एमक्यू हे नाव रूढ झाले. दुसऱ्या बाजूला वेबस्फीअर मेसेज ब्रोकरचे २०१३ मध्ये आयबीएम इंटिग्रेशन बस झाले आणि २०१८ मध्ये ॲप कनेक्ट एंटरप्राइझ झाले. जुन्या खरेदीच्या फाइलमध्ये ‘मेसेज ब्रोकर’ असे नाव असेल, तर ती खरेदी आजच्या कोणत्या उत्पादनाचा हक्क देते हे सपोर्टच्या नूतनीकरणांची साखळी जोडून दाखवावे लागते. मधले एखादे वर्ष सपोर्ट खंडित झाला असेल, तर नव्या आवृत्तीचा हक्क आपोआप मिळत नाही. ही साखळी कागदावर मांडल्याशिवाय पुढची मोजणी सुरू करू नये.

आणखी एक चूक मी वारंवार पाहिली आहे. प्रशासक सर्व्हरवरच्या एमक्यूच्या फोल्डरमधली परवान्याची फाइल उघडतो, ती एमक्यूच्या स्वतंत्र उत्पादनाची असते, तिच्यात वापरावर कोणतेही बंधन दिसत नाही आणि तो निश्चिंत होतो. सोबतच्या सॉफ्टवेअरला त्याच्या स्वतःच्या अटी लागू असतातच. पण मुख्य उत्पादनाच्या पत्रकातील अटी आणि या अटी यांत विसंगती आली, तर मुख्य उत्पादनाच्या पत्रकातील अटीच चालतात, असे आयबीएमच्या पत्रकात लिहिलेले असते. म्हणून एमक्यूचा हक्क समजून घ्यायचा असेल, तर प्लॅटफॉर्मचे पत्रक वाचायचे. विक्री प्रतिनिधीचे तोंडी आश्वासन किंवा जुन्या सादरीकरणातली एखादी स्लाइड यांना परवान्यात स्थान नाही.

‘साहाय्यक’ या शब्दाचा अर्थ

पत्रकात दोन संज्ञा शोधाव्यात. ‘प्रिन्सिपल प्रोग्राम’ म्हणजे मुख्य उत्पादन, म्हणजे आपला इंटिग्रेशन प्लॅटफॉर्म. ‘सपोर्टिंग प्रोग्राम’ म्हणजे साहाय्यक उत्पादन. साहाय्यक उत्पादन मुख्य उत्पादनाच्या परवानाप्राप्त वापराला साहाय्य करण्यासाठीच बसवता व वापरता येते, आणि या साहाय्याची व्याख्याही तिथेच असते: मुख्य उत्पादनाच्या किंवा दुसऱ्या साहाय्यक उत्पादनाच्या परवानाप्राप्त वापरासाठी जे आवश्यक आहे किंवा त्या वापराशी जे थेट संबंधित आहे, तेवढेच. इतर कोणत्याही कारणासाठी वापर करता येत नाही. साहाय्यक उत्पादन वेगळे काढून दुसऱ्याला देता किंवा विकता येत नाही.

काही पत्रकांत ‘बंडल्ड प्रोग्राम’ ही तिसरी संज्ञा आढळते आणि तिचा अर्थ वेगळा असतो. बंडल्ड उत्पादन संचाचा भाग म्हणून मिळते, त्याच्यासाठी ठरावीक प्रमाणात हक्क दिलेले असतात आणि त्याला साहाय्यक कामाचे तेच बंधन असेल असे धरून चालता येत नाही. आपल्या पत्रकात एमक्यूचे नाव यांपैकी कोणत्या शीर्षकाखाली आहे, या एका गोष्टीवर पुढची सगळी तपासणी अवलंबून असते. मी पत्रकाची छापील प्रत घेऊन तिथे पेन्सिलने खूण करतो, कारण चर्चेत हे शब्द पटकन एकमेकांत मिसळतात.

‘थेट संबंधित’ हे शब्द सैल वाटू शकतात, म्हणून त्यांना तांत्रिक आधार द्यावा. इंटिग्रेशन बसची दहावी आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत, क्यू मॅनेजरशिवाय प्लॅटफॉर्म चालतच नसे. त्या आवृत्तीपासून एमक्यू बसवणे ऐच्छिक झाले. तरीही ॲग्रिगेशन, कलेक्टर, सीक्वेन्स आणि टाइमआउट या प्रकारचे नोड, म्हणजे संदेशावरच्या प्रक्रियेतले तयार टप्पे, आपली मधली स्थिती क्यूमध्ये साठवत असल्याने त्यांना क्यू मॅनेजर लागतो. असा वापर निःसंशय साहाय्यक आहे. ज्या क्यूमधून प्लॅटफॉर्मचा फ्लो, म्हणजे संदेशावर क्रमाने प्रक्रिया करणारी मांडणी, संदेश उचलतो आणि ज्या क्यूमध्ये तो संदेश टाकतो, त्या क्यूही प्लॅटफॉर्मच्या वापराशी थेट जोडलेल्या आहेत. ऑर्डर घेणारे ॲप्लिकेशन एका क्यूमध्ये संदेश टाकते, फ्लो तो उचलून त्याचे रूप बदलतो आणि साठ्याच्या ॲप्लिकेशनसाठी दुसऱ्या क्यूमध्ये ठेवतो. या संपूर्ण वाटेत एमक्यू प्लॅटफॉर्मची सेवा करत असते.

आता त्याच क्यू मॅनेजरवर तिसरी एक क्यू तयार झाली असे समजू. वेतनाचे ॲप्लिकेशन तिच्यात संदेश टाकते आणि लेखा विभागाचे ॲप्लिकेशन तो थेट उचलते. मध्ये एकही फ्लो नाही. इथे एमक्यू प्लॅटफॉर्मला साहाय्य करत नाही. दोन ॲप्लिकेशनमधला स्वतंत्र दुवा म्हणून ती काम करते आणि त्यासाठी एमक्यूचा स्वतंत्र, पूर्ण परवाना लागतो. तसेच दोन दूरच्या क्यू मॅनेजरमधली वाहतूक या क्यू मॅनेजरमधून केवळ पुढे ढकलली जात असेल, तर प्लॅटफॉर्मशी तिचा काय संबंध आहे याचे उत्तर देता आले पाहिजे.

संदेशांचा नकाशा तयार करा

एवढे समजल्यावर खरे काम सुरू होते, आणि ते वकिलाचे नसून एमक्यूच्या प्रशासकाचे आहे. प्रत्येक क्यूबद्दल दोन प्रश्नांची उत्तरे हवीत: संदेश कोण टाकतो आणि कोण उचलतो. दोन्हींपैकी किमान एक बाजू प्लॅटफॉर्मची असेल, तर ती क्यू बहुधा मर्यादेत बसते. दोन्ही बाजूंना बाहेरची ॲप्लिकेशन असतील, तर ती क्यू बाजूला काढून ठेवावी.

ही माहिती कागदपत्रांतून घेऊ नये. आराखड्याच्या चित्रात जे आहे ते आणि क्यू मॅनेजरला प्रत्यक्ष जे जोडलेले आहे ते यांत हमखास अंतर असते. एमक्यूच्या कन्सोलवर चालू जोडण्या दाखवणारी ‘डिस्प्ले कॉन’ ही आज्ञा प्रत्येक जोडणीचे ॲप्लिकेशन-नाव, चॅनेल (जोडणीचा मार्ग) आणि पत्ता सांगते. ‘डिस्प्ले क्यूस्टेटस’ ही आज्ञा हँडल प्रकाराने चालवली, तर एखादी क्यू वाचण्यासाठी कोणी उघडली आहे आणि लिहिण्यासाठी कोणी, हे कळते. पण या दोन्ही आज्ञा त्या क्षणाचेच चित्र देतात. महिनाअखेरीस किंवा तिमाहीच्या शेवटी एकदाच चालणारा जॉब दुपारी चार वाजता घेतलेल्या यादीत सापडणार नाही, आणि परवान्याच्या दृष्टीने अडचणीचे वापर नेमके अशाच क्वचित चालणाऱ्या जॉबमध्ये लपलेले असतात. म्हणून क्यू मॅनेजरवर अकाउंटिंगची नोंद, म्हणजे कोणत्या ॲप्लिकेशनने कोणती क्यू वापरली याची नोंद, चालू करून ती किमान एक पूर्ण महिना जमवावी आणि त्या महिन्यात महिनाअखेर यायलाच हवी. या नोंदींचा साठ्यावर आणि कार्यक्षमतेवर थोडा भार पडतो, म्हणून आधी चाचणी सर्व्हरवर अंदाज घ्यावा. त्या भाराच्या भीतीने ही पायरी मात्र गाळू नये.

चॅनेलकडे वेगळे लक्ष द्यावे. क्लायंट जोडणीचे एखादे चॅनेल अनेक ॲप्लिकेशन वापरत असतील, तर केवळ चॅनेलच्या नावावरून काहीच कळत नाही. शिवाय एखादे ॲप्लिकेशन दुसऱ्या क्यू मॅनेजरवर लिहिते आणि तिथून संदेश आपल्याकडे येतो, तेव्हा जोडण्यांच्या यादीत फक्त त्या दुसऱ्या क्यू मॅनेजरचे चॅनेल दिसते. खरा पाठवणारा शोधण्यासाठी संदेशाच्या डिस्क्रिप्टरमधले (संदेशासोबत जाणाऱ्या माहितीतले) टाकणाऱ्या ॲप्लिकेशनचे नाव पाहावे लागते. पब्लिश-सबस्क्राइब, म्हणजे एका टॉपिकवर (विषयावर) प्रकाशित केलेला संदेश त्याच्या सर्व वर्गणीदारांना मिळण्याची पद्धत, वापरत असाल, तर टॉपिकला किती वर्गणीदार आहेत आणि त्यांत प्लॅटफॉर्मचा फ्लो आहे का, हेही तपासावे. फ्लो प्रकाशित करतो आणि पाच ॲप्लिकेशन ते ऐकतात, ही स्थिती फ्लोशी जोडलेली आहे. एक ॲप्लिकेशन प्रकाशित करते आणि पाच ऐकतात, त्यांत फ्लो कुठेच नाही, ही स्थिती मर्यादेबाहेरची आहे.

ॲप्लिकेशनच्या मशीनवर जे एमक्यू क्लायंट बसवलेले असते त्याला स्वतंत्र शुल्क नसते, आकारणी सर्व्हरच्या बाजूला होते. म्हणून क्लायंटच्या संख्येचा बाऊ करू नये. ते कोणत्या सर्व्हरला आणि कशासाठी जोडले जातात एवढेच पाहावे.

कोअर मोजा, पण कोणाचे?

नकाशा तयार झाल्यावर मोजणी. जुन्या खरेदी बहुधा पीव्हीयू, म्हणजे प्रोसेसर व्हॅल्यू युनिट या मापात असतात आणि नव्या व्हीपीसी, म्हणजे व्हर्च्युअल प्रोसेसर कोअर या मापात. पीव्हीयूमध्ये प्रत्येक कोअरला प्रोसेसरच्या प्रकारानुसार वजन दिलेले असते. दोन सॉकेटच्या नेहमीच्या इंटेल झिऑन सर्व्हरसाठी ते प्रति कोअर ७० आहे. म्हणजे १६ कोअरचे दोन प्रोसेसर असलेल्या सर्व्हरची पूर्ण क्षमता ३२ गुणिले ७०, एकूण २,२४० पीव्हीयू होते. त्याच सर्व्हरवरच्या ४ व्हर्च्युअल कोअरच्या एका मशीनवर प्लॅटफॉर्म चालत असेल आणि सब-कपॅसिटीच्या, म्हणजे पूर्ण सर्व्हरऐवजी व्हर्च्युअल मशीनपुरतीच मोजणी करण्याच्या, अटी पाळल्या असतील, तर मोजणी २८० पीव्हीयूवर येते.

सोबतची एमक्यू याच मशीनवर असेल आणि मर्यादेत वापरली जात असेल, तर तिच्यासाठी वेगळे काही मोजावे लागत नाही. ती २ कोअरच्या वेगळ्या मशीनवर असेल, तर आधी पत्रक पाहावे. साहाय्यक उत्पादन मोजणीतून वगळलेले आहे, की त्याचेही कोअर मुख्य उत्पादनाच्या हक्कांतून वजा होतात, हे प्रत्येक पत्रकात सांगितलेले असते. वजा होत असतील, तर एकूण गरज २८० अधिक १४०, म्हणजे ४२० पीव्हीयू होते. कधी प्रमाण दिलेले असते: मुख्य उत्पादनाच्या इतक्या युनिटमागे साहाय्यक उत्पादनाची इतकी युनिट. अशा वेळी हे प्रमाण पत्रकातून अक्षरशः उतरवून घ्यावे, आठवणीवर विसंबू नये.

आता वेतन आणि लेखा यांच्यातली ती क्यू पुन्हा डोळ्यांसमोर आणा. तिच्यावरून दिवसाला ५०० संदेश जात असतील आणि प्लॅटफॉर्मचे १० लाख. तरीही पूर्ण परवाना ५०० संदेशांच्या प्रमाणात लागत नाही. एमक्यूला त्या मशीनवर जितके कोअर उपलब्ध आहेत, तितक्या सगळ्या कोअरसाठी तो लागतो, कारण माप वाहतुकीचे नसून क्षमतेचे आहे. एमक्यू आणि प्लॅटफॉर्म एकाच ४ कोअरच्या मशीनवर असतील, तर त्या एका क्यूमुळे एमक्यूचे आणखी २८० पीव्हीयू विकत घ्यावे लागतात. ही गोष्ट व्यवस्थापनाला सांगताना मला नेहमी वेळ लागतो, कारण ‘एवढीशी तर वाहतूक आहे’ हा युक्तिवाद ऐकायला रास्त वाटतो. पण मोजणीच्या सूत्रात वाहतुकीला जागाच नाही.

सब-कपॅसिटीचा लाभ अटींसह मिळतो. आयबीएम लायसन्स मेट्रिक टूल, ज्याला सगळे आयएलएमटी म्हणतात, ते पहिल्या पात्र सब-कपॅसिटी वापरापासून ९० दिवसांच्या आत बसवावे लागते, तिमाहीत किमान एकदा अहवाल काढावा लागतो आणि ते अहवाल किमान दोन वर्षे जपून ठेवावे लागतात. हे झाले नाही, तर आयबीएमला पूर्ण क्षमतेने मोजणी करता येते. आपल्या उदाहरणात २८० च्या जागी २,२४० धरले जाईल, म्हणजे आठपट. कुबरनेटीसवर चालणाऱ्या कंटेनरसाठी आयएलएमटीऐवजी आयबीएम लायसन्स सर्व्हिस वापरावी लागते. ती पॉडवर (कंटेनरच्या गटावर) लिहिलेल्या ॲनोटेशनवरून, म्हणजे माहितीच्या नोंदींवरून, उत्पादन ओळखते, म्हणून ती ॲनोटेशन कोणी हाताने बदलली नाहीत ना, हे डिप्लॉयमेंटच्या फाइलमध्ये पाहावे.

आयएलएमटी एमक्यूला चुकीच्या घरात टाकते तेव्हा

आयएलएमटीचा अहवाल आला म्हणजे तो बरोबरच असेल असे नाही. ही साधने आयएसओ १९७७०-२ या मानकातील टॅगवरून सॉफ्टवेअर ओळखतात. एमक्यूचा टॅग ‘मी एमक्यू आहे’ एवढेच सांगतो, ‘मी इंटिग्रेशन बससोबत आले आहे’ असे दर वेळी सांगतोच असे नाही. मग साधन स्वतःच्या अंदाजाने तिला स्वतंत्र एमक्यू उत्पादनाखाली मोजते आणि न घेतलेल्या परवान्याची मोठी संख्या अहवालात दिसू लागते. याच्या उलटही होते. मर्यादेबाहेर वापरली जाणारी एमक्यू इंटिग्रेशन बसखाली लपते आणि खरी कमतरता दिसतच नाही.

म्हणून सॉफ्टवेअर वर्गीकरणाच्या पटलावर प्रत्येक एमक्यू इन्स्टॉलेशन योग्य उत्पादनाला हाताने जोडून ते निश्चित करावे लागते. इथे तो नकाशाच उपयोगी पडतो. ज्या क्यू मॅनेजरच्या सर्व क्यू मर्यादेत आहेत, ते प्लॅटफॉर्मखाली जोडावेत. ज्यांच्यात बाहेरची वाहतूक आहे, ते स्वतंत्र एमक्यूखाली ठेवावेत. सोयीसाठी सगळे काही प्लॅटफॉर्मखाली जोडणे म्हणजे अहवालात खोटी नोंद करणे होय, आणि ऑडिटमध्ये त्याचे स्पष्टीकरण मागितले जाते. प्रत्येक जोडणीमागचे कारण टिप्पणीच्या रकान्यात एका वाक्यात लिहून ठेवावे. दोन वर्षांनी ते काम करणारी व्यक्ती बदललेली असते.

व्हर्च्युअल मशीनच्या व्यवस्थापकाशी, उदाहरणार्थ व्हीसेंटरशी, आयएलएमटीची जोडणी तुटली असेल, तर त्याला खाली कोणता प्रोसेसर आहे हे कळत नाही आणि ते प्रति कोअर १२० पीव्हीयू धरते. अहवालात आकडा अचानक वाढलेला दिसला, तर नवा वापर शोधण्याआधी ही जोडणी तपासावी.

न मिळालेले घटक

सोबतची एमक्यू बहुतेक वेळा मूळ एमक्यू असते, एमक्यू ॲडव्हान्स्ड नसते. ॲडव्हान्स्ड मेसेज सिक्युरिटी, मॅनेज्ड फाइल ट्रान्सफर, टेलिमेट्री आणि रेप्लिकेटेड डेटा क्यू मॅनेजर हे घटक ॲडव्हान्स्डच्या हक्कात येतात. अडचण अशी की इन्स्टॉलेशनच्या संचात या घटकांचे पॅकेजही असतात, आणि लिनक्सवर सगळे पॅकेज एकदम बसवण्याची सवय अनेकांना असते. आरपीएमच्या (लिनक्सवरील पॅकेज व्यवस्थापकाच्या) यादीत एमक्यूसिरीज या नावाने सुरू होणारी पॅकेज पाहावीत आणि त्यांत एएमएस, एफटी किंवा एक्सआर ही अक्षरे असलेली दिसली, तर ती कोणी व का बसवली हे विचारावे. वापर नसेल, तर काढून टाकावीत. वापर असेल, तर हक्क दाखवावा लागेल.

सॉफ्टवेअर विकासासाठी एमक्यू ॲडव्हान्स्ड फॉर डेव्हलपर्स विनामूल्य मिळते, पण ती विकासाच्या कामापुरतीच असते. ती प्रत्यक्ष कामकाजाच्या (प्रॉडक्शन) सर्व्हरवर आढळली, तर तो थेट नियमभंग आहे.

दुसऱ्या केंद्रातली प्रत

आपत्तीच्या वेळी वापरायच्या प्रतींबद्दल आयबीएमचे तीन भेद आहेत. प्रत बसवलेली आहे पण सुरू केलेली नाही, ती कोल्ड. सुरू आहे पण कोणतेही काम करत नाही, ती वॉर्म. या दोन्हींना सामान्यतः वेगळा परवाना लागत नाही. काम करत असलेली प्रत हॉट, आणि तिला परवाना लागतो. कळीचा शब्द ‘काम’ हा आहे, आणि त्यात डेटा समक्रमित करणे, मिररिंग करणे, चाचणी घेणे हेही येते. त्यामुळे ‘ती फक्त राखीव आहे’ असे म्हटले तरी ती प्रत मुख्य प्रतीशी सतत समक्रमित होत असेल, तर ती हॉट ठरते. एमक्यूच्या मल्टी-इन्स्टन्स क्यू मॅनेजरची राखीव बाजू सुरू असते आणि मुख्य बाजू पडण्याची वाट पाहत असते. अशा बाजूसाठी कमी दराचा वेगळा परवाना आहे, पूर्वी त्याला आयडल स्टँडबाय म्हणत आणि नंतर हाय अव्हेलेबिलिटी रेप्लिका हे नाव आले. प्लॅटफॉर्मसोबतच्या हक्कात अशी राखीव बाजू धरली आहे का, हे प्लॅटफॉर्मच्या पत्रकातच पाहावे.

दुसऱ्या विक्रेत्यांकडे

ओरॅकलच्या परवाना पुस्तिकेत याच कल्पनेला ‘रिस्ट्रिक्टेड यूज’ म्हणतात: सोबतचे उत्पादन ज्या कामासाठी दिले त्याच कामासाठी वापरायचे. तिथे मोजणी कोअर फॅक्टरने, म्हणजे कोअरच्या संख्येला लावायच्या गुणकाने होते, इंटेलसाठी तो ०.५ आहे, आणि व्हीएमवेअरसारख्या विभागणीला ओरॅकल हार्ड पार्टिशनिंग (कोअर कमी मोजू देणारी विभागणी) मानत नाही. त्यामुळे आयबीएमच्या सब-कपॅसिटीची सवय घेऊन तिथे हिशेब मांडल्यास तो चुकतो.

मायक्रोसॉफ्टच्या बिझटॉक या इंटिग्रेशन प्लॅटफॉर्ममध्ये उलटा प्रकार आहे. त्याची संदेशपेटी एसक्यूएल सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये असते, पण एसक्यूएल सर्व्हरचा परवाना बिझटॉकसोबत येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. ‘लागते म्हणजे मिळालेच असेल’ हे गृहीतक इथे महागात पडते.

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी आहे. ॲक्टिव्हएमक्यू आणि काफ्का ही मेसेजिंग सॉफ्टवेअर अपाची परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहेत, आणि त्या परवान्यात कोणत्या कामासाठी वापरावे याचे बंधन नाही. प्लॅटफॉर्मसोबत आले म्हणून ते बंधन नव्याने निर्माण होत नाही. पण सपोर्टचा करार वेगळा असतो. विक्रेता प्लॅटफॉर्मच्या कामापुरताच सपोर्ट देत असेल, तर इतर वापर कायदेशीर असूनही बिघाडाच्या रात्री मदत मिळणार नाही. काफ्काभोवतीचे काही घटक मात्र अपाची परवान्याखाली नाहीत. काफ्कावर आधारित उत्पादने विकणाऱ्या कॉन्फ्लुएंटने डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या काही घटकांसाठी कम्युनिटी लायसन्स आणला आणि त्या घटकांची स्पर्धक क्लाउड सेवा म्हणून विक्री करण्यास मनाई केली. म्हणून घटकागणिक परवाना पाहावा.

प्लॅटफॉर्म सोडताना

मला सर्वाधिक काळजी याच टप्प्याची वाटते, कारण इथे नुकसान शांतपणे होते. संस्था जुना प्लॅटफॉर्म सोडून दुसऱ्या उत्पादनाकडे जाते, फ्लो नव्या ठिकाणी लिहिले जातात, जुन्या प्लॅटफॉर्मचा सपोर्ट नूतनीकरणात वगळला जातो आणि सर्वांना बचत झाल्याचे समाधान वाटते. एमक्यू मात्र तशीच चालू राहते, कारण नवा प्लॅटफॉर्मही त्याच क्यूमधून संदेश उचलतो आणि कोणाचे काही अडलेले नसते. पण ज्या मुख्य उत्पादनाला साहाय्य करण्यासाठी ती होती, ते उत्पादनच वापरातून गेलेले असते. मुख्य उत्पादन वापरण्याचा हक्क संपला, तर साहाय्यक उत्पादनाच्या सर्व प्रती थांबवून नष्ट कराव्यात अशी अट असते. हक्क कायमचा असला, तरी मुख्य उत्पादन बंद झाल्यावर साहाय्य करायला काही उरत नाही. एका स्थलांतरात सगळे फ्लो हलवल्यानंतर दीड वर्षाने हे लक्षात आले आणि प्रकल्पाच्या हिशेबात कुठेही नसलेला एमक्यूचा पूर्ण परवाना घाईने घ्यावा लागला. स्थलांतराच्या पहिल्याच अंदाजपत्रकात ‘मेसेजिंगचा परवाना’ अशी वेगळी ओळ असावी.

मर्यादेबाहेरचा वापर सापडला तर

घाबरून क्यू बंद करू नये, आणि नोंद पुसूनही टाकू नये. पहिला मार्ग असा की बाहेरची वाहतूक वेगळ्या, लहान मशीनवरच्या क्यू मॅनेजरकडे न्यावी आणि तिथे पूर्ण परवाना घ्यावा. २ कोअरच्या मशीनसाठी १४० पीव्हीयू लागतील, ४ कोअरच्या सामायिक मशीनसाठी २८०, म्हणजे खर्च निम्म्यावर येतो. दुसरा मार्ग ती वाहतूक मुक्त स्रोत ब्रोकरवर, म्हणजे संदेशांची ने-आण करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, नेण्याचा आहे. त्यात ॲप्लिकेशनचा कोड बदलावा लागतो, पण जेएमएस (जावामधला संदेशांसाठीचा प्रमाणित इंटरफेस) वापरणाऱ्या ॲप्लिकेशनमध्ये तो बदल तुलनेने कमी असतो. तिसरा मार्ग ती वाहतूक खरोखर प्लॅटफॉर्मच्या फ्लोमधून नेण्याचा. मार्ग ठरवणे, रूपांतर करणे किंवा नोंद ठेवणे हे काम फ्लोला खरोखर करायचे असेल, तर हा उत्तम उपाय आहे. संदेश एका क्यूतून उचलून जसाच्या तसा दुसऱ्या क्यूत टाकणारा रिकामा फ्लो केवळ परवान्यासाठी उभा करायचा असेल, तर आधी विक्रेत्याकडून लेखी मत घ्यावे आणि ते मत पत्रकाच्या प्रतीसोबत ठेवावे.

यापुढे नवीन क्यूची मागणी येते त्या अर्जात दोन रकाने वाढवावेत: संदेश टाकणारे ॲप्लिकेशन आणि उचलणारे ॲप्लिकेशन. दोन्हींपैकी एकाही रकान्यात प्लॅटफॉर्मच्या फ्लोचे नाव नसेल, तर तो अर्ज परवान्याची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे जावा आणि तिच्या लेखी संमतीनंतरच एमक्यूच्या प्रशासकाने ती क्यू तयार करावी.